श्रेणीवाढीचा अर्ज

नाव: कमल निवृत्ती गांगुर्डे.
वय सत्तेचाळीस. वयोमर्यादेला तीन वर्षं बाकी.
सध्याची श्रेणी: ब. सलग नऊ वर्षं ब.
सोबत जोडले आहे:
डोळे शाबूत असल्याचा सिव्हिलचा दाखला,
चोवीस सामन्यांची नोंदवही,
पानोपानी सरपंचांची सही.
सय्यदपिंप्रीच्या पानावर सहीऐवजी चहाचा गोल डाग.
कापडणीस सर म्हणाले, 'चालेल, डाग ओळखीचा आहे.'

पंचवटीतली शाळा, सकाळचे सात.
बाकं चौथीच्या मुलांची, गुडघे हनुवटीला लागतात.
सगळे पांढऱ्या शर्टात:
सातपूरचा वेल्डर, देवळालीचा पोस्टमन,
एक जण रात्रपाळीवरून थेट, शिट्टी गळ्यातच,
आणि मी, पिशवीत अंगणवाडीचं रजिस्टर.
मानधन सामन्याला दीडशे, रिक्षा आपली.
तरी पास व्हायचंय.
का, ते अर्जात विचारलेलं नाही.

दोन बाकं पुढे तुळशीदास बेंडकुळे.
मान तशीच, वळूसारखी.
क श्रेणीला बसलाय. म्हणजे नवखा.
मला ओळखलं नाही.
किंवा ओळखलं.

ओझर, सहा वर्षांपूर्वी.
शेवटची चढाई, एक गुण कमी.
चौघांच्या खाली तो, एकच हात बाहेर,
मध्यरेषेकडे सरपटणारा.
मी शिट्टी फुंकली. बाद.
पोरं उठली, धूळ बसली,
आणि त्यानं एक शब्द न बोलता बोट वर धरलं.
टोकाला फक्की. पांढरी, नखाएवढी.
मी गुणलेखकाकडे बघितलं.
तो आकडा लिहून मोकळा झाला होता.

प्रश्न तेरावा, दोन गुण:
निर्णय चुकल्याचे लक्षात आल्यास पंचाने काय करावे?
झोपेतून उठवलं तरी सांगेन.
लिहिलं: मैदानावर पंचाचा निर्णय अंतिम.
खाली रेघ मारली. पेन जरा अडलं.

दुपारी प्रात्यक्षिक.
शिट्टीचा जोर, हातांचे इशारे, रेषेपासूनचं अंतर.
'बाई, तुम्ही वाकता फार.'
'हो सर.'
'अ श्रेणीचा पंच एवढा वाकत नाही.'
सहा वर्षं झाली,
मी वाकूनच बघते.

निकाल चाळीस दिवसांनी.
फाटकापाशी तो मोटरसायकलला किक मारत होता.
'मॅडम, तेराव्याला काय लिहिलं?'
'अंतिम. तू?'
'तेच. दोन गुण कोण सोडतं?'
हसला. किक बसली नाही. पुन्हा मारली.
'चला, सीबीएसला सोडतो.'

मागे बसले, नोंदवही मांडीवर.
पूल ओलांडेस्तोवर दोघंही गप्प.
खाली गोदावरीत कुणी चादरी धूत होतं.
रविवार कारंजाच्या सिग्नलला
त्याचं पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यावर,
बोटभर पुढेच.
मी वाकून बघितलं.
शिट्टी पिशवीत होती.