हाक

हेल्दुरने समासात पेन्सिलीनं लिहिलंय :
विषय आहे. माणूस नाही.
खरंय.
एकशे चाळीस पानं झाली
आणि येवसेय अजून पेइपसी सरोवराच्या काठी
नुसता गप्प बसून जाळं विणतोय.
इकडे तार्तूत मी, खिडकीच्या काचेवरची चिठ्ठी
रोज सकाळी वाचतेय :
मौन कुणाला वाचवतं?

प्रश्नातून माणूस जन्मत नाही.
जखमेतूनही लगेच नाही.
जखमेवर खपली धरते, पुढे त्या खपलीलाच
तो आपली कातडी समजू लागतो,
तिथून कुठे सुरुवात.

म्हणून त्याला नऊ वर्षांचा केला.
मार्च महिना दिला, म्हणजे बर्फ
वरून कोरडा, आतून भिजल्या पावासारखा.
पुढे थोरला झोसिम, स्लेजवर माशांचं पोतं,
गावातल्या धुराड्यांचा वास येईल इतका जवळ काठ.
मागे राहिलेल्या येवसेयचा हातमोजा पडला.
"झोसिम, थांब!"
झोसिम थांबला. वळला.
याच्या तोंडून शब्द फुटला
आणि त्याच्या पायाखाली बर्फ.

एका बैठकीत लिहिलं हे.
मग चहा केला, जरा लाजही वाटली.

आता समजूत. खोटी हवी, पण त्याच्या मापाची.
पहिल्यांदा लिहिलं, बर्फ दगाबाज असतो.
खोडलं. हे तर खरंच आहे,
अख्खं गाव जाणतं, त्याला कादंबरी कशाला?
मग लिहिलं, दोष माझा.
हेही सैल. असं कुठल्याही दफनाला कुणीही म्हणतं.
नऊ वर्षांच्या पोराचा हिशेब पक्का असतो :
मी हाक मारली. तो थांबला. तो गेला.
म्हणून, मी ज्याचं नाव घेतो
तो बुडतो.

बस्स. पुढचं मला सुचवावं लागलं नाही.
चाळिशीतला येवसेय कुत्र्याला शीळ घालतो,
बायकोला बोलवायला टेबलावर दोनदा टकटक.
प्रार्थनेत नुसते ओठ हलवतो.
लेकीचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही,
आणि ती जिवंत आहे, धडधाकट, कांदे खुरपतेय.
पाहा, त्याची समजूत रोज खरी ठरते.
फेक्लिस्ताला वाटतं, या माणसात मायाच नाही.
तो तर मायेनंच दातखीळ बसवून घेतोय.

ही गाठ सुटेना, तेव्हा मी गावी गेले,
कांद्याची वेणी घ्यायचं निमित्त.
उस्तिन्या म्हातारीच्या पायऱ्या उतरताना
मागून ती ओरडली, "ए बाई, थांब!"
थांबले. एक पाय हवेत.
खालची पायरी काचेसारखी गोठलेली.

बसमध्ये कांदे मांडीवर घेऊन
मी एकटीच हसत होते :
सापडलं, हाक वाचवतेसुद्धा.
घरी येऊन तोच प्रसंग त्याच्यासमोर घडवला.
येवसेयनं मान वर केली, सगळं पाहिलं,
जाळ्याची पुढची गाठ मारली
आणि मनाशी म्हणाला,
तो तिचा आवाज. माझा तसा नाही.

विसरलेच होते मी.
पुरावा दारात आला म्हणून समजूत पळून जात नाही.
ती त्याला स्टूल देते, चहा विचारते
आणि आपलंच बोलत राहते.

आता पान दोनशे बारा.
पुन्हा मार्च.
लेक बर्फावर निघालीय, काळपट डागाच्या दिशेनं.
ती अजून हाकेच्या अंतरावर आहे.
येवसेय काठावर उभा, तोंड उघडं,
तोंडातून नुसती वाफ.
तीन दिवस तो तसाच उभा आहे
आणि मी त्याच्यावर चिडलेय,
अरे, काढ ना आवाज!

आज कळलं, तो काढेल तरी कसा.
दोनशे बारा पानांत मी तिला
नुसती लेक, पोरगी, ती म्हणत आलेय.
एवढी वर्षं पुस्तकं लिहिणारी मी.
तिचं नाव
मीही अजून ठेवलेलं नाही.