अंगठ्याएवढी फट

म्योन बेटाचा पूर्वेकडचा कडा सगळा खडूचा.
दर हिवाळ्यात त्याचा एखादा खांदा समुद्रात निखळतो.
मग आठवडाभर पाणी दुधाळ,
आणि आम्ही टोपल्या घेऊन खाली.
जो तुकडा जिभेला चिकटतो तो चांगला.
ज्यात गारगोटीची कणी, तो ओढताना किंचाळतो;
त्याने शाळेत पाढे लिहावेत,
दारावर रेघ ओढू नये.

हे मला आबेलोनाने शिकवलं. मी अकरा वर्षांची.
तिच्याकडे पट्टी नव्हती, मेण लावलेला दोरा होता,
आणि पाठीत एवढा बाक असून
तिची सरळ रेषा सरळ यायची.

“एक रेघ, एक श्वास,” ती म्हणे,
“मध्ये दम घेतलास तर तिथूनच गळेल.”
मोगन्सच्या होडीच्या डांबरी कुशीवर
या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना
तिचा चेहरा बिटासारखा व्हायचा.
समांतर दोन रेघा: होडी आणि खडक भेटणार नाहीत.
दारावर लंब: आलेल्याने ताठ उभं राहून बोलावं.
बांधावरून भांडणाऱ्या भावांसाठी कोनाचा दुभाजक;
त्याचा उपयोग झालेला मी पाहिला नाही.
स्पर्शिका फक्त बाळंतिणीच्या खोलीत,
दाईसाठी:
एकाच बिंदूत टेकायचं, आणि निघून जायचं.

वर्तुळ मात्र पुरं करायचं नाही.
अंगठा मावेल एवढी फट.
“आत ठेवलेलं बाहेर पडता आलं पाहिजे,
नाहीतर ते ठेवलेलं नव्हे, पुरलेलं.”
दुसरा नियम तिने एकदाच सांगितला,
जाळं सांधता सांधता, मान वर न करता:
ज्या हाताने ओढली
त्या हाताला पुसता येत नाही.

फेब्रुवारीत येप्पेला ताप चढला.
तिचा एकुलता, सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला.
डॉक्टर स्टेगेहून निघाला, तो बर्फात अडकला.
तिसऱ्या रात्री तिने पलंग भिंतीपासून ओढला,
आणि तेल पिऊन काळ्या झालेल्या फळ्यांवर
गुडघ्यांनी सरकत, एका श्वासात,
वर्तुळ काढलं.

मी फट शोधली.
दिवा घेऊन शोधली.

ताप चढला नाही. उतरलाही नाही.
उशाची मेणबत्ती जळत राहिली, झिजली नाही.
वाटीतलं दूध नासलं नाही.
येप्पेचा एक श्वास आत गेला होता,
बाहेर यायचा होता.
नऊ दिवस.
आबेलोना वर्तुळाबाहेर बसून
त्याच्यासाठी पायमोजे विणत होती,
प्रत्येक जोड आधीच्यापेक्षा एका बोटाने मोठा.

दहाव्या दिवशी तिने मला बोलावलं.
म्हणाली काहीच नाही.
खुर्चीवरच्या ओल्या चिंधीकडे बघितलं, मग सुयांकडे.
मी चिंधी घेतली नाही.
अंगठा थुंकीने भिजवला,
आणि दाराच्या बाजूला, जिथून वारा येतो,
तिथे टेकवला.

आधी मेणबत्ती: नऊ रात्रींचं मेण एकदम वाहिलं.
मग आंबलेल्या दुधाचा वास.
मग येप्पेने श्वास सोडला, डोळे उघडले,
आणि विचारलं, खिडकीत कुरव बसलाय का?
बसलाय, मी म्हटलं.
नव्हता.
उजाडायच्या आत तो गेला.

तिने मला दोष दिला नाही, आभारही मानले नाहीत.
पायमोजे कुणाला दिले ते कळलं नाही.
वसंतात तिचा मेणाचा दोरा माझ्या उंबऱ्यावर होता,
वेटोळं करून,
टोकाला टोक लागू न देता.

काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणतात.
त्यांनी खडू हातात धरलेला नसावा.
पावसाने जाते, कोपराने जाते,
मांजराच्या शेपटीने जाते.

आता बाक माझ्या पाठीत आहे.
मी आधी फट आखते, मग उरलेलं वर्तुळ.
मोगन्सचा पणतू विचारतो,
आजी, जे काढायचंच नाही ते आधी कसं काढायचं?
मी म्हणते, टोपली घे.
रात्री कडा कोसळलाय,
पाणी बघ कसं दुधाळ झालंय.