वायसर

साखर पेठेत पाणी पाचव्या दिवशी येतं,
कधी सहाव्या.
पहाटे साडेतीनला गल्लीभर मोटारी गुरगुरतात,
दीड तास नुसती पळापळ:
गच्चीवरची टाकी, पिंप, घागरी,
कुकरसुद्धा भरून ठेवते श्रीलता.
आणि अशा घरात
मोरीचा नळ गळतो.

मेहबूब प्लंबर दारातूनच म्हणाला,
"पाच रुपयाचं वायसर की बे, बसवून टाकतो."
थांब चार दिवस, म्हणालो.
"का? काय करलालास?"
थेंबाचा फोटो काढलालो.
त्यानं पान्हा पिशवीत टाकला
आणि माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं.

लग्नाचे फोटो काढतो मी. अठरा वर्षं झाली.
आषाढात तिथी नाही, हाताला काम नाही.
अक्षता पडतानाचा क्षण आजवर हुकला नाही,
पण तिथं भटजी आधी सावधान म्हणतो.
थेंब म्हणत नाही.
तो तोटीला फुगतो, जड होतो,
आता पडेल, आता पडेल, पडत नाही,
घाम पुसायला मान वळवावी
तर खाली परातीत
टप्.

लेन्स उलटी फिरवून लावली,
फ्लॅशच्या तोंडाला बटर पेपर,
पाटावर बसून गुडघे आखडले.
पहिल्या दिवशी एकशेबारा फोटो,
सगळे तोटीचे.
दुसऱ्या दिवशी थेंब सापडला, पण धुरकट,
मोतीबिंदू पिकल्यासारखा.
श्रीलता दर तासाला परात उचलून
भांडी विसळायला न्यायची.
"झाली का आंघोळ तुमच्या नवरीची?"

मागं काहीतरी रंगीत पाहिजे
म्हणून मामय्यांची चादर दोरीवर टाकली,
माझ्या सासऱ्यांची, जुनी, मोरांची.
तिसऱ्या दिवशी, दुपारी,
वरच्या मजल्यावर कुणीतरी शेंगा कुटत असताना
मोर थेंबात उतरला.
तांदळाएवढा. उलटा.
पिसारा वर, डोकं खाली,
आणि थेंब अजून तोटीलाच.

मोठी प्रिंट काढून मामय्यांना दाखवली.
चाळीस वर्षं मागावर उभे होते ते,
आता ऐकू कमी येतं, बोलणंही तेवढंच.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
प्रिंट उलटी धरली
आणि बोट सरळ मोराच्या मानेवर ठेवलं.

रात्रपाळीत डुलकी लागली होती, म्हणाले.
जकार्डचे पत्ते अडकले,
तोच धागा पुन्हा पुन्हा बसत गेला,
मोराची मान वीतभर लांब झाली.
मालकानं पगारातून पैसे कापले
आणि चादर यांच्या अंगावर टाकली.
इतकी वर्षं आम्हाला वाटायचं,
म्हाताऱ्याला लागतं पांघरूण, बस्स.
ते रोज ती बाजू पायाशी घेऊन
घडी घालून झोपत होते.

थेंबाच्या काठाला, जिथं पाणी वळतं,
तिथं ती मान आखडून
नेमकी मोराएवढी झाली होती.
मामय्या बराच वेळ बघत राहिले.
"पाण्यानं केली की बरोबर," म्हणाले.
मग थोड्या वेळानं,
"पैसे काय परत देणार नाहीत आता."

दुसऱ्या दिवशी बघतो तर नळ गप्प.
मागाच्या जुन्या चामड्याचा तुकडा
कातरून, गोल करून
त्यांनीच वायसर बसवलं होतं.
परात कोरडी. दोनशे एकतीस फोटो मी पुसून टाकले.

एक तेवढा भिंतीवर आहे.
खिळा त्यांनीच ठोकला, फ्रेम त्यांनीच उलटी टांगली,
मोर सुलटा दिसावा म्हणून.
त्यामुळे तोटी आता खाली आहे
आणि थेंब तिच्यातून वर निघालाय.
मेहबूब आला होता परवा, शेजारच्या मोटारीला.
फोटोपुढं उभा राहून म्हणाला,
"पाणी वर कसं चढलालं बे?"
मामय्यांना बरोबर तेवढं ऐकू आलं.
"वरच्या मजल्यावाल्यानं मोटार लावली असंल."