सदिच्छा पन्नास टक्के

तुर्भ्याच्या आमच्या वर्कशॉपची फरशी इतकी स्वच्छ
की गिऱ्हाईक आपोआप आवाज खाली आणतं.
गुप्तेकाकांनी आणला नाही.
"वळताना मागून जातं ओढल्यासारखं वाजतंय,
आणि तुमचा पोरगा म्हणतो, टायर."

टायर नव्हतं.
डिफरन्शियल उतरवलं, तेल निघालं काळं,
आत पोलादाचा चुरा.
त्याच तेलाबद्दल पुस्तिकेत छापलंय:
आयुष्यभर बदलावे लागत नाही.
कुणाच्या आयुष्यभर, ते छापलेलं नाही.

वॉरंटी तीन वर्षांची.
गाडी तीन वर्षं एकोणीस दिवसांची.
अडतीस हजार किलोमीटर,
त्यातले निम्मे घोडबंदर रोडवर, रांगत.

मी ठरलेली वाक्यं बोलले.
झीज वापराची. खड्डे रस्त्याचे.
दोष सिद्ध झाला तर कंपनी भरेल, नाहीतर आपण.
'आपण' म्हणजे तुम्ही,
हे मी कधी उलगडून सांगत नाही.

"पार्ट दाखवा," म्हणाले.
नियमात बसत नाही. दाखवला.

वागळे इस्टेटला, रोड नंबर बावीसवर, एकतीस वर्षं
त्यांनी गिअरचे दात कापले:
ट्रकांचे, ट्रॅक्टरांचे,
एकदा कुठल्याशा साखर कारखान्याचे.
ग्रॅच्युइटी आली तेव्हा काकू म्हणाल्या, मोठा फ्लॅट.
यांनी ही घेतली.
"ज्यांची ड्रॉइंग आम्ही जेवणाच्या सुट्टीत
डोळे फाडून बघायचो ना,
त्यांची एक वस्तू दारात असावी, एवढंच."

खिशातून भिंग निघालं.
तुटका दात ट्यूबलाइटखाली धरला.
"इकडे या, मढवी.
ऐरोलीला खाडी ओसरली की चिखलावर
पाण्याच्या रेघा राहतात, एकीमागे एक, बघितल्यात?"
मी ऐरोलीचीच. त्या चिखलात चिंबोऱ्या धरल्यात मी.
"तशाच ह्या. मोजत बसा.
एका दणक्यात तुटला असता
तर सगळा खरखरीत दिसला असता.
हा रोज थोडाथोडा तुटलाय.
आणि सुरुवात इथे, मुळाशी,
टाचणीच्या टोकाएवढा हा काळा ठिपका.
हा ओतकामातला. जन्मखूण.
मी शोरूममधून पेढे वाटत निघालो
तेव्हा हा गाडीतच होता."

मग तारीख कुठली धरायची?
तुटल्याची, की तुटायला लागल्याची?
माझ्या स्क्रीनवर एकाच तारखेला जागा आहे.

चौथ्या दिवशी मेल आला.
कंपनी, केवळ सदिच्छा म्हणून,
पार्टच्या किमतीतले पन्नास टक्के सोसेल.
मजुरी ग्राहकाची. जीएसटी ग्राहकाचा.
जुना पार्ट सीलबंद पेटीत कंपनीकडे परत.

"आणि सगळे पैसे मीच भरले तर?"

तर पार्ट तुमचा, काका.

सहा लाख चौऱ्याऐंशी हजार.
त्यांनी चष्मा पुसला. काकूंना फोन लावला.
दोन मिनिटं नुसतं "हो. हो. अगं हो."
मग कार्ड पुढे केलं
आणि पावतीवर, माझ्याच पेनाने, लिहिलं:
तक्रार कायम ठेवून भरले.

जॉब कार्डवर एक रकाना असतो, निरीक्षण.
तिथे आम्ही लिहितो: आवाज येतो.
मी लिहिलं: दाताच्या मुळाशी जुना ठिपका, तडा तिथून.
खाली सही, पूर्ण नावाची.
शिंत्रेसाहेब सोमवारी बोलावतील.
शनिवार-रविवार मधे आहेत.

गाडी चार नंबरच्या लिफ्टवर, चाकं अधांतरी.
काका रुमालात बांधलेला दात
डब्यासारखा मांडीवर घेऊन रिक्षात बसले.
"कोकण भवन. आणि सावकाश हं."
रिक्षा किती वर्षांची, किती मालकांची, कोण जाणे.
दोन आचके दिले तिने,
आणि निघाली.