कोन्तं सावरगाव

कंडक्टर विचारतो, कोन्तं सावरगाव वो बाई,
संत्र्याचं का पऱ्हाटीचं?
एकात जन्मले, दुसऱ्यात दिल्या गेले.
तिकीट एकाचंच फाटतं.

संत्र्याच्या सावरगावात एकच सावर होती.
बुडाला काटे,
माघात अंगावर पान नाही, नुसती लाल फुलं.
चैत-वैशाखात बोंडं उकलायची,
म्हाताऱ्या उडत थेट मारोतीच्या पारापर्यंत.
मायनं त्या वेचून उशी भरली माझ्या लग्नात,
आणि टाका घालता घालता म्हणाली,
सावर.
मला वाटलं, कापसाचं नाव सांगते.

पऱ्हाटीच्या सावरगावात सावर नाही.
सासऱ्यांना विचारलं,
तर म्हणाले, होती नं,
आगपेटीवाल्यानं नेली, टरक भरून.
तेव्हापासून चुलीशी काडी ओढली
की बोटाला चटका बसेस्तोवर
धरून ठेवते.

यशोदा गेली त्या वर्षी,
पाच महिन्यांची माझी,
तेव्हा पहिल्यांदा कळलं मायचं बोलणं.
उशी तोंडात धरली होती.
आता तिच्यात गाठी झाल्यात.

कंडक्टर उभाच आहे.
पऱ्हाटीचं, म्हणते.
सुट्टे द्या, म्हणतो.