इतर (नमूद करा)

चारशे रुपये रोज, जेवण आपलं आपण.
काम एवढंच: मॅडमचा प्रश्न पावरीत न्यायचा,
उत्तर मराठीत आणायचं.
धडगावपासून जीप, मग जीप सोडून
दीड तासाचा चढ.
टॅबलेट माझ्या पिशवीत,
मक्याच्या भाकरीला टेकून.

पहिलं वाक्य संमतीचं होतं:
'तुमची माहिती गुप्त ठेवली जाईल.'
वेस्तीबाई हसली.
अंगणात सगळा पाडा उभा,
तिची सून, सुनेचा भाऊ, दोन बकऱ्या.
'कोणापासून गुप्त?'
मॅडम म्हणाल्या, काय म्हणतायत?
मी म्हटलं, हो म्हणतायत.
माझी पहिली भेसळ ती.

आधी कुणीतरी बसवून गेलेलं पॅनल
छपरावर होतं. बॅटरी तिसऱ्या पावसाळ्यात मेली.
आता त्यावर कैरीच्या फोडी वाळतात,
काच तापते, आमचूर लवकर होतो.
पडद्यावर दोनच चौकटी: चालू, बंद.
मी 'बंद' दाबलं.
काच तापतच होती.

'रोज किती तास उजेड हवा?'
दोन. चार. सहा. त्याहून जास्त.

वेस्तीबाई बराच वेळ बोलली.
म्हणाली, मोहाखाली आम्ही अंधारातच जातो,
फूल पडल्याचं कानाला कळतं.
उजेडाचं काय एवढं,
मला घट्टी फिरवणारं काही असेल तर बघा.
हात वर करून दाखवला. खांद्यापाशीच अडला.
खाली गिरणीला जायचं तर एक डोंगर,
पीठ घेऊन यायचं तर तोच डोंगर दुप्पट.
आणि खांब रोवाल तेव्हा आधी विचारा,
मागच्यांनी मोजलेली जागा
आमच्या देवाची होती.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.
ऊन कललं होतं, अजून अकरा घरं बाकी.
घट्टीला कुठेच चौकट नव्हती.
सगळ्यात खाली एक ओळ: इतर (नमूद करा).
मी नमूद केलं:
'विशेष गरज नाही.'

अहवाल आला तेव्हा मी शहाद्यात होतो,
मोबाइलच्या दुकानात कामाला.
'डोंगराळ पाड्यांत विजेची मागणी अत्यल्प.'
शेजारी एक वर्तुळ, त्याला बारीकशी निळी फाक.
त्या फाकेत वेस्तीबाई होती,
न उचलणाऱ्या हातासकट.
आभाराच्या पानावर जीपवाल्याचं नाव होतं,
माझं नव्हतं.
बरं झालं, वाटलं.
मग तसं वाटल्याचीच लाज वाटली.

सुट्टी घेऊन गेलो. रोज बुडाला.
तिच्या चुलीपुढे बसून सगळं सांगितलं,
ती काटक्या आत सारत राहिली.
रागावली असती तर सोपं गेलं असतं.
'झिऱ्यावर पाठवला तुला,' म्हणाली,
'हंडा वाटेत सांडलास
आणि लोकांना सांगितलंस,
झिराच आटलाय.'

मग म्हणाली, वही आहे का?
आता मी विचारते, तू तिकडे ने.

त्या बाईच्या घरचं दळण कोण दळतं?

माझं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं,
त्या पाण्याची वीज कोणाच्या घरात जळते?

आम्ही बोललो ते ठेवलंय कुठे?
आम्हाला बघायचं असलं
तर दार कोण उघडेल?

चौथं ती काही बोलली नाही.
सुपात मका घेतला,
घट्टीचा खुंटा माझ्याकडे फिरवला.
ओढ.

पायलीभरही झालं नसेल.
पोरं मोजत होती माझे फेरे, चुकले की हसत होती.
रात्री तिथेच झोपलो,
अंधार इतका की
स्वतःचा हात शोधावा लागला.

सकाळी प्रश्न साफ उतरवायला बसलो,
बोटं पेनावर वळेनात.
अक्षर वाकडं आलं.
तसंच राहू दिलं.