दोन किलो सातशे ग्रॅम

गिऱ्हाईक आलं की मी आधी किंमत सांगत नाही,
खोली विचारते.
छत केवढं? फरशी लाकडी की दगडी?
माणसं ऐकायला येतात, नाचायला, की जेवायला?
पिस्तोयातल्या या कारखान्यात
पस्तीस वर्षं मी हेच विचारते आहे
आणि पोरं माझ्याकडे अशी बघतात
की राइड सिंबल राहिली बाजूला, बाई सोयरीक जमवते आहे.

तसं म्हणा, तेच आहे.

बावीस इंची, जाड, वर घंटी गलेलठ्ठ,
ती रॉकवाल्यांना. तीन गिटारांच्या गोंगाटातून
आरपार जाते. टण्‌ म्हणते आणि गप्प बसते.
हिशेबी बाई.

चोवीस इंची पातळ झांजेचं तसं नाही.
परातीएवढी, पण कडेला अंगठा दाबला तर लवते.
काठीचं टोक टेकलं की आधी एक थेंब,
मग खालून धुकं.
जोरात मारलीत तर नुसतं धुकंच:
ठेका बुडतो, गाणारी बुडते,
बेसवाला मान वळवून तुमच्याकडे बघतो.
आमचा हातोड्यावरचा एर्मेते म्हणायचा,
जाड पत्र्याला हात लागतो, पातळ पत्र्याला कान.
त्याचे स्वतःचे कान पन्नाशीतच गेले.
मग तो हनुवटी टेकवून ऐकायचा.

मागच्या नोव्हेंबरात फाएन्झाहून इलारियो आला.
बेचाळीस वर्षं नाचघरांत. वॉल्ट्झ, माझुर्का, पोल्का.
रविवारी दुपारी म्हातारी जोडपी फिरवत ठेवणारा माणूस.
त्याला नेहमीचीच हवी होती: वीस इंची, जड.
"आमच्याकडचे म्हातारे बहिरे," म्हणाला,
"पाय चुकतात."
मी दिली. तो वाजवायला बसला.
उजवा हात वर गेला
आणि खाली आला तो आपला नुसता पडला.
टक्‌.
पुन्हा. टक्‌, आधीच्याहून बारीक.
एप्रिलमध्ये अर्धांगाचा झटका येऊन गेला,
दाराशी उभी त्याची सून मला नुसत्या ओठांनी सांगत होती.
तो बदलून मागत राहिला.
ही मुकी आहे. ही पण मुकी.
कसलं कासं ओतता हल्ली?

मी वाद घातला नाही.
मागच्या फडताळातून एक चोवीस इंची काढली,
जॅझ वाजवणाऱ्या एका पोरीसाठी राखलेली.
आतून खडूने लिहिलेलं: फोस्का, विसार मिळाला.
वजन दोन किलो सातशे.
स्टँडवर चढवली. नट सैल ठेवला.

हात पडला. तेवढाच.
आणि ती बोलायला लागली,
खर्जात, कडेपासून घंटीपर्यंत,
भट्टीवरची पोरं हातातलं ठेवून उभी राहीपर्यंत
बोलत राहिली.

इलारियोने काठी मांडीवर ठेवली.
"ही नाचाची नाही."
"नाही."
"पोल्कात चिखल करेल."
"करेल."
"मग?"
"मग पोल्का हळू वाजवा."

तो चिडला. खरंच चिडला.
पोल्का हळू वाजवत नसतात,
हे मला माझ्या आईबापांनी शिकवायला हवं होतं, वगैरे.
टोपी घालून गाडीत जाऊन बसला.
दहा मिनिटांनी परत आला.
नुसता हात लावायला, म्हणाला.
बोटांनी वाजवली. नखाने. मनगटाच्या हाडाने.
दर वेळी आस पुरती विरेपर्यंत थांबला,
आणि त्या झांजेची आस विरायला
फार वेळ लागतो.
बाहेर सुनेने दोनदा हॉर्न दिला.

संध्याकाळी मी फोस्काला फोन केला.
दुसरी ठोकून देते, म्हटलं, मार्चपर्यंत.
तिने आधी शिव्या दिल्या, मग हसली,
मग विचारलं, "त्याची खोली केवढी आहे?"

ते मात्र मी विचारलंच नव्हतं.